इंग्रजीत मत मांडताना आदर कुठे ठेवायचा?

मराठी माणूस वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीला "तुमचं म्हणणं मला नाही हो पटत" असे म्हणतो, तेव्हा त्याने स्पष्ट नकार दिलेला असतो, तरीही ऐकणाऱ्याला तो टोचत नाही. 'तुमचं' या रूपात आदर आहे, 'हो' या इवल्याशा शब्दात जवळीक आहे, आणि 'पटत' या क्रियापदाची घडणच अशी आहे की न पटण्याचा दोष समोरच्यावर जात नाही. हाच माणूस कामाच्या बैठकीत इंग्रजी बोलू लागला की त्याच्या तोंडून "नो, यू आर राँग" किंवा "आय डोन्ट ॲग्री विथ यू" असे वाक्य बाहेर पडते. त्यात व्याकरणाची चूक नसते आणि बोलणाऱ्याच्या मनात अनादरही नसतो, पण समोरचा गप्प होतो, त्याचा चेहरा उतरतो, आणि आपले काय चुकले हे बोलणाऱ्याला उमगत नाही. मराठीत आदर ज्या जागी ठेवलेला असतो ती जागाच इंग्रजीत नाही, त्यामुळे शब्दांचे भाषांतर होते आणि आदर मागे राहतो. इंग्रजीने तो कुठे नेऊन ठेवला आहे, हे एकदा कळले की पाठ केलेल्या वाक्यांची फारशी गरज उरत नाही.

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटात असतो. 'तू ये', 'तुम्ही या', 'आपण यावे' या तीन रूपांत नात्याचे सगळे अंतर मोजून दिलेले आहे. इंग्रजीतही एके काळी अशी सोय होती. जवळच्या किंवा कनिष्ठ माणसासाठी 'दाउ' आणि अनेकांसाठी किंवा आदरार्थी 'यू' अशी विभागणी तिथे होती, म्हणजे आजचा 'यू' हा मुळात 'तुम्ही' आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण इंग्रजीच्या नेहमीच्या बोलण्यातून 'दाउ' जवळजवळ नाहीसा झाला आणि तो प्रार्थनेत, काव्यात व काही प्रादेशिक बोलींत उरला. त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मात्र सर्व माणसे समान आहेत या श्रद्धेने न्यायाधीशांपासून सरदारांपर्यंत सर्वांना 'दाउ' म्हणायचा हट्ट धरला आणि त्यापायी रोष ओढवून घेतला. 'दाउ' गेल्यावर सगळेच 'तुम्ही' झाले, आणि सगळेच 'तुम्ही' झाले म्हणजे 'तुम्ही' म्हणण्यात विशेष आदर उरला नाही. त्यामुळे वाक्याच्या शेवटी 'सर' जोडून काम भागेल ही आपल्याकडची समजूत फार टिकत नाही. "यू आर राँग, सर" हे वाक्य 'सर' लावल्याने मऊ होत नाही. उलट काही वेळा त्याची धार वाढते.

मग इंग्रजी भाषा आदर कशाने दाखवते? थोडक्यात सांगायचे तर अंतराने. आपले मत आणि समोरचा माणूस यांच्यामध्ये ती थोडी मोकळी जागा सोडते. ही जागा भूतकाळाने सोडता येते, 'मे', 'माइट', 'कुड', 'वुड' अशा सहायक क्रियापदांनी सोडता येते, विधानाचा प्रश्न करून सोडता येते, किंवा बोलण्याआधी क्षणभर थांबूनही सोडता येते. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. कार्यालयात साहेबांच्या दारात उभे राहून आपण "जरा एक विचारायचं होतं" असे म्हणतो. विचारायचे आताच आहे, तरी 'होतं' असे भूतकाळी रूप आपण वापरतो, कारण त्यामुळे साहेबांना "आता नको" म्हणायला वाव राहतो. "आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग" आणि "आय वॉज वंडरिंग इफ वी कुड चेंज द डेट" या वाक्यांतला भूतकाळ हाच आहे. मराठीतले 'जरा', 'बघा', 'म्हणजे', 'तसं पाहिलं तर' हे शब्द जे काम करतात तेच काम इंग्रजीत 'अ बिट', 'वेल', 'आय मीन', 'इन अ वे' हे शब्द करतात. शाळेच्या व्याकरणात त्यांना फारसे स्थान मिळत नाही, म्हणून दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकूनही ते आपल्या जिभेवर बसत नाहीत.

हे सगळे करायची गरज का पडते, याचे एक चांगले स्पष्टीकरण पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी १९७८ साली मांडले. त्यांनी इंग्रजी, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि तमिळनाडूतील तमिळ या तीन भाषांचा मुख्य आधार घेतला होता, म्हणजे आपल्या शेजारची एक भाषा त्यात होती. त्यांच्या मांडणीचे मूळ 'फेस' या कल्पनेत आहे. ही कल्पना समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली पुढे आणली होती. मराठीत तिच्यासाठी 'मान' हा शब्द पुरतो, आणि 'तोंडघशी पाडणे', 'पाणउतारा करणे', 'शब्द राखणे' हे आपले वाक्प्रचारही त्याच अनुभवातून आलेले आहेत. या मांडणीनुसार प्रत्येक माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. आपण इतरांना हवेसे वाटावे, आपल्या मताला किंमत असावी, ही एक. आपल्यावर कोणी काही लादू नये, आपल्याला मोकळीक असावी, ही दुसरी. असहमती पहिल्या इच्छेला धक्का लावते आणि आग्रहाने मांडलेले मत दुसऱ्या इच्छेला. हा धक्का कमी करण्यासाठी प्रत्येक भाषेने आपापली साधने तयार केली आहेत. ती साधने भाषेगणिक बदलतात, आणि आपली अडचण तिथेच होते.

मत मांडण्यापासून सुरुवात करू. 'माझ्या मते' याचे शब्दशः रूप म्हणून आपल्याकडे "अकॉर्डिंग टु मी" सर्रास म्हटले जाते. भारतात ते सगळ्यांना कळते, पण ब्रिटन-अमेरिकेतील कानाला ते विचित्र वाटते, कारण 'अकॉर्डिंग टु' हे शब्द तिथे दुसऱ्याच्या माहितीचा हवाला देताना येतात: वर्तमानपत्रानुसार, अहवालानुसार, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार. स्वतःचाच हवाला स्वतः दिला की माणूस स्वतःला अधिकारी ग्रंथ समजतो आहे असा भास होतो. त्याऐवजी साधे "आय थिंक" पुरेसे असते. 'इन माय ओपिनियन' बरोबर आहे, पण ते थोडे औपचारिक आणि ठाम आहे. प्रत्येक वाक्यात ते आले की भाषण ऐकल्यासारखे वाटते.

'आय थिंक' हे मराठीतल्या 'मला वाटतं' सारखेच आहे असे आपण धरून चालतो, पण दोन्हींत एक बारीक फरक आहे. 'मला वाटतं' मध्ये मी कर्ता नाही. वाटणे माझ्याकडे आपोआप येते, जशी भूक लागते किंवा झोप येते. 'आय थिंक' मध्ये मी कर्ता आहे आणि मत ही माझी कृती आहे. हा फरक 'पटणे' या क्रियापदात आणखी ठळक दिसतो. "मला पटत नाही" याचे भाषांतर आपण "आय डिसॲग्री" असे करतो, आणि तिथेच वजन दुप्पट होते, कारण मराठी वाक्यात एक गोष्ट माझ्यापर्यंत पोहोचलेली नाही एवढेच म्हटलेले असते, तर इंग्रजी वाक्यात मी उठून तुमच्याविरुद्ध उभा राहिलेला असतो. 'पटत नाही' ची खरी छटा हवी असेल तर "आय ॲम नॉट क्वाइट कन्व्हिन्स्ड", "दॅट डझन्ट सीम राइट टु मी" किंवा "आय ॲम नॉट शुअर अबाउट दॅट" ही वाक्ये जवळची आहेत. 'इट सीम्स टु मी' या रचनेत तर मत आपल्या 'वाटण्या'सारखेच बाहेरून येते. मराठी भाषकाला ती सहज जमावी, पण शिकवताना तिच्याकडे दुर्लक्ष होते याची मला खंत वाटते.

मताचा जोर कमी-जास्त करणे हेही इंग्रजीत क्रियापदांवर आणि क्रियाविशेषणांवर सोपवलेले आहे. "वी शुड हायर टू मोअर पीपल" हे वाक्य सल्ला म्हणून ठाम आहे. "वी कुड हायर टू मोअर पीपल" यात तो एक पर्याय होतो. "वी माइट वॉन्ट टु थिंक अबाउट हायरिंग टू मोअर पीपल" इथे मत असे ठेवलेले आहे की कोणी ते बाजूला सारले तरी बोलणाऱ्याचा अपमान होणार नाही. 'यू मस्ट' ही रचना सल्ल्यासाठी जपूनच वापरावी. आपण "तुम्ही हे करायलाच हवं" असे प्रेमाने, आग्रहाने म्हणतो. जेवायला किंवा राहायला बोलावताना इंग्रजीतही "यू मस्ट कम" चालते, पण कामाच्या चर्चेत 'मस्ट' हा हुकूम होतो. 'ऑब्व्हियसली' आणि 'ऑफ कोर्स' हे शब्दही आपण ठामपणा दाखवण्यासाठी टाकतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र "एवढे साधे तुम्हाला कळत नाही का" असे ऐकू येते.

आता सहमती. ती सोपी असावी, पण आपले लोक इथे जास्त अडखळतात, कारण चूक होते आहे हे कोणी लक्षात आणून देत नाही. पहिली अडचण व्याकरणाची आहे. 'सहमत' हे मराठीत विशेषण आहे, म्हणून 'मी सहमत आहे' चे "आय ॲम ॲग्री" होते. इंग्रजीत 'ॲग्री' हे क्रियापद आहे, म्हणून "आय ॲग्री" एवढेच पुरे. माणसाशी किंवा मताशी सहमत असलो तर पुढे 'विथ', प्रस्ताव किंवा अट मान्य केली तर 'टु', आणि दोघांनी मिळून एखादी गोष्ट ठरवली तर 'ऑन' येते. "आय ॲग्री विथ यू", "शी ॲग्रीड टु द प्लॅन" आणि "वी ॲग्रीड ऑन अ डेट" ही तीन वाक्ये मनात ठेवली की गोंधळ होत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. समोरचा नकारार्थी वाक्य बोलला आणि आपण त्याच्याशी सहमत असलो, तर मराठीत आपण 'हो' म्हणतो. "आज पाऊस पडणार नाही, असं वाटतं." "हो, नाही पडणार." आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीतला 'यस' किंवा 'नो' मात्र पुढे येणाऱ्या वस्तुस्थितीशी जुळतो. "इट इज नॉट गोइंग टु रेन" याला सहमती "नो, इट इज नॉट" अशी द्यावी लागते. इथे 'यस' म्हटले की ऐकणारा "यस, इट इज" अशा विरोधाची वाट पाहू लागतो. दूरध्वनीवरच्या चर्चांमध्ये यामुळे खरेखुरे गैरसमज होतात. "यू हॅवन्ट सेंट द फाइल?" असे विचारल्यावर मराठी सवयीने "यस" असे उत्तर दिले की विचारणारा फाइल पोहोचली आहे असे समजून निश्चिंत होतो. खात्रीचा मार्ग एकच आहे: एका शब्दावर न थांबता "नो, आय हॅवन्ट सेंट इट येट" असे पूर्ण वाक्य म्हणावे. 'मी टू' आणि 'मी नायदर' मधला भेदही याच नियमावर उभा आहे. मराठीत "मलाही" हे होकाराला आणि नकाराला दोन्हीकडे चालते. इंग्रजीत "आय डोन्ट लाइक इट" याला "मी टू" हे उत्तर बसत नाही.

तिसरी गोष्ट संभाषणाचा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्या अनिता पोमेरान्झ यांनी १९८४ साली दाखवून दिली. इंग्रजी बोलणारे लोक मनापासून सहमत असतील तर समोरच्याचा शब्द एक पायरी वर नेतात. कोणी "इट वॉज अ गुड टॉक" म्हटले तर उत्तर येते "इट वॉज एक्सलंट". तोच शब्द तसाच परत केला किंवा एक पायरी खाली आणला, तर पुढे 'पण' येणार आहे असे ऐकणारा ओळखतो. आपण प्रामाणिकपणे "यस, इट वॉज गुड" म्हणतो आणि समोरच्याला वाटते की याला भाषण फारसे आवडलेले दिसत नाही. म्हणून खरोखर सहमत असाल तर थोडे सढळ हाताने म्हणावे: "ॲब्सोल्यूटली", "दॅट्स एक्झॅक्टली हाउ आय सी इट", "आय कुडन्ट ॲग्री मोअर". या शेवटच्या वाक्यातील नकाराने गोंधळून जाऊ नये. यापेक्षा जास्त सहमत होणे शक्यच नाही, असा त्याचा अर्थ आहे.

असहमतीकडे वळताना आधी वेळेचा विचार करावा लागतो. जगातील दहा भाषांतील प्रश्नोत्तरांची तुलना करणाऱ्या २००९ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचा अवधी सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे पापणी लवायच्या आतला असतो, आणि होकार नकारापेक्षा लवकर येतो. इंग्रजीत तर ही सवय पक्की आहे: सहमती झटकन येते, असहमती रेंगाळत येते. विरोध करणारा आधी थांबतो, मग 'वेल' म्हणतो, मग समोरच्याच्या म्हणण्यातले काहीतरी मान्य करतो, आणि त्यानंतर आपले वेगळे मत ठेवतो. "वेल, आय सी व्हॉट यू मीन अबाउट द कॉस्ट, बट आय ॲम नॉट शुअर वी कॅन वेट टिल मार्च." यातला पहिला अर्धा भाग रिकामा शिष्टाचार नाही. तुमचे म्हणणे मी ऐकले आणि मला ते समजले, याचा तो पुरावा असतो, म्हणून त्यात समोरच्याच्या मुद्द्यातला नेमका शब्द यायला हवा. नुसते "आय सी युअर पॉइंट, बट" हे वारंवार ऐकू आले की ते दारावरच्या पायपुसण्यासारखे होते: सगळे त्याच्यावरून पुढे जातात, कोणी पाहत नाही. मराठी बोलण्यात मात्र आपण पुष्कळदा "नाही, नाही" असे म्हणूनच सुरुवात करतो, अगदी सहमत असतानाही: "नाही, बरोबर आहे तुमचं." ती लकब इंग्रजीत तशीच आली की पहिल्याच शब्दाला दार आपटल्यासारखे होते.

दुसरे तंत्र म्हणजे माणूस आणि मुद्दा वेगळे करणे. 'यू' ने सुरू होणारे विरोधी वाक्य नेहमीच बोट रोखते. "यू हॅवन्ट अंडरस्टुड" याऐवजी "आय मे नॉट हॅव एक्सप्लेन्ड इट वेल" म्हटले तर चूक स्वतःकडे येते आणि चर्चा पुढे सरकते. "युअर फिगर्स आर राँग" याऐवजी "देअर सीम्स टु बी अ डिफरन्स बिटवीन दीज फिगर्स अँड द वन्स इन लास्ट इयर्स रिपोर्ट" हे वाक्य लांब आहे, पण त्यात दोष आकड्यांचा आहे, कोणाचाही नाही. इंग्रजी न्यायालयांनी ही शिस्त शतकानुशतके जोपासली आणि ती आपल्याकडेही रुजली. विरुद्ध बाजूचा वकील हा 'माय लर्नेड फ्रेंड', म्हणजे 'माझे विद्वान मित्र' असतो, आणि त्याच्या युक्तिवादाच्या चिंधड्या उडवतानाही ते संबोधन सुटत नाही.

या शिस्तीचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, आणि ते एका मराठी घराण्याशी जोडलेले आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना यांचा एकट्याचा विरोध होता, आणि बहुमतातील चौघांत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल रद्द ठरवला, आणि त्यांपैकी चौघांच्या वतीने ते निकालपत्र लिहिले होते यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. जबलपूरच्या निकालाविषयी त्यात जे वाक्य आहे, त्यात वडिलांचा वेगळा उल्लेख नाही आणि कोणाच्या हेतूवर शिंतोडाही नाही. बहुमतातील चारही न्यायाधीशांची निकालपत्रे 'सीरियसली फ्लॉड', म्हणजे गंभीर दोष असलेली आहेत, असे त्यात म्हटले आहे. शब्द कठोर आहेत, त्यांना कुठेही मऊ केलेले नाही, पण वाक्याचा कर्ता 'निकालपत्रे' आहे, 'न्यायाधीश' नाहीत. नम्र असहमती म्हणजे मिळमिळीत असहमती नव्हे, हे यापेक्षा नेमके दाखवणारे वाक्य माझ्या पाहण्यात नाही.

संसदेतील रीतही याच जातीची आहे. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात सदस्य एकमेकांना 'यू' म्हणत नाहीत. सगळे बोलणे अध्यक्षांना उद्देशून होते आणि विरोधकाचा उल्लेख 'द ऑनरेबल मेंबर' असा तृतीयपुरुषी केला जातो. महाराष्ट्र विधानसभेतले 'अध्यक्ष महोदय' आणि 'सन्माननीय सदस्य' ही त्याच परंपरेची मराठी रूपे आहेत. ब्रिटिश सभागृहात दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणणे असंसदीय मानले जाते. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतील चिनी मजुरांच्या करारांना 'गुलामगिरी' म्हणावे की नाही यावर बोलताना विन्स्टन चर्चिल यांनी 'टर्मिनॉलॉजिकल इनएग्झॅक्टिट्यूड', म्हणजे 'परिभाषेतील अचूकतेचा अभाव' असा शब्दप्रयोग केला, आणि पुढे तो 'असत्य' या शब्दाचा सभ्य पर्याय म्हणून रूढ झाला.

इथपर्यंत बोलण्याचा विचार झाला. ऐकण्याचा विचार तितकाच आवश्यक आहे, कारण समोरच्याने अंतर ठेवून केलेला विरोध आपल्याला पुष्कळदा होकार वाटतो. ब्रिटिश सहकारी "दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग आयडिया" म्हणून पुढच्या विषयाकडे वळला, तर कल्पना बहुधा बारगळली असे समजावे. त्याला ती खरेच आवडली असती तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. "आय हॅव अ फ्यू मायनर कॉमेंट्स" नंतर येणारी टिपणे मुळीच किरकोळ नसू शकतात. "विथ रिस्पेक्ट" हे शब्द कानावर आले की विरोध आलाच, आणि "विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट" आले तर तो पूर्ण विरोध आहे. 'क्वाइट गुड' चा अर्थ अमेरिकेत बहुतेक वेळा 'खूप चांगले' असा होतो, तर ब्रिटनमध्ये पुष्कळदा 'बरे आहे, ठीक आहे' एवढाच. "आय ॲम अफ्रेड" मध्ये भीती कुठेच नसते. ते आपल्या "माफ करा, पण" या शब्दांसारखे आहे. 'ॲक्चुअली' हा शब्द आपण श्वास घेण्यासाठी वापरतो तसा ते वापरत नाहीत. "ॲक्चुअली, द मीटिंग इज ऑन थर्सडे" याचा अर्थ "तुम्ही समजता तसे नाही" असा दुरुस्तीचा असतो. म्हणून प्रत्येक वाक्याची सुरुवात 'ॲक्चुअली' ने करणारा माणूस सतत इतरांच्या चुका काढतो आहे असे वाटते. 'डाउट' या शब्दाचेही तसेच आहे. "आय हॅव अ डाउट" म्हणताना आपल्याला 'शंका विचारायची आहे' असे म्हणायचे असते. त्यांना 'याचा माझ्यावर विश्वास नाही' असे ऐकू येते. तिथे "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणावे.

एका ठिकाणी मात्र ही सगळी कला बाजूला ठेवावी लागते. २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून न्यूयॉर्ककडे येणारे आविआंका कंपनीचे विमान खराब हवामानामुळे बराच वेळ आकाशात घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपल्याने लाँग आयलंडवर कोसळले. विमानातील १५८ जणांपैकी ७३ जण दगावले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी इंग्रजीत सांगितले होते, प्राधान्यही मागितले होते, पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही, आणि जमिनीवरच्या नियंत्रकांना प्रसंगाची तीव्रता कळली नाही. रुग्णालयात चुकीचे औषध दिले जात असेल, कारखान्यात यंत्र बंद करायचे असेल, तर "आय वॉज वंडरिंग" ने सुरुवात करू नये. तिथे "स्टॉप. दिस इज द राँग डोस" हेच योग्य इंग्रजी आहे. एखादी गोष्ट दोनदा सौम्यपणे सांगूनही समोरच्यापर्यंत पोहोचली नसेल, तर तिसऱ्यांदा "आय नीड टु बी क्लिअर अबाउट दिस" असे म्हणून ती उघड सांगावी.

आवाजाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण कागदावर नम्र दिसणारे वाक्य सुरामुळे उर्मट होऊ शकते. इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत, वाक्याच्या शेवटी सूर आधी खाली येऊन मग किंचित वर गेला तर बोलणे अजून पूर्ण झालेले नाही, मनात काही राखलेले आहे, असे सूचित होते. तशा सुरातला "यस" म्हणजे आपला लांबवलेला "होऽऽ", ज्याच्या पाठोपाठ 'पण' येणार हे सर्वांना ठाऊक असते. "आय ॲम नॉट शुअर" हे सपाट, खाली पडणाऱ्या सुरात म्हटले तर चर्चा संपवल्यासारखे होते, आणि शेवट किंचित वर नेला तर समोरच्याला बोलायला जागा मिळते. हे वाचून येत नाही. बातम्यांपेक्षा मुलाखती आणि चर्चा ऐकाव्यात, आणि वक्ता 'बट' म्हणण्याआधीच्या दोन सेकंदांत काय करतो ते टिपावे. ईमेलमध्ये सूर नसतो, त्यामुळे तिथे तोंडी बोलण्यापेक्षा एक पायरी जास्त सौम्य लिहावे, आणि मुद्दा खरोखर वादाचा असेल तर लिहिण्याऐवजी फोन करावा.

कधी कधी दोघांचेही मत बदलत नाही. अशा वेळी इंग्रजीत "लेट्स ॲग्री टु डिसॲग्री" म्हणायची पद्धत आहे. मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७७० साली आपले सहकारी धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या स्मरणार्थ दिलेल्या प्रवचनात हे शब्द वापरले होते. मोक्षासाठी ईश्वर माणसे आधीच निवडून ठेवतो की नाही, या प्रश्नावर त्या दोघांचे जाहीर मतभेद होते, तरी व्हाइटफील्ड यांच्या मृत्यूनंतर ते प्रवचन वेस्ली यांनीच दिले. हे वाक्य मात्र दोघेही थकल्यावर, आणि शक्यतो ज्याचा अधिकार कमी आहे त्याच्याकडून यावे. वरिष्ठाने ते पाचव्या मिनिटाला उच्चारले तर त्याचा अर्थ "आता पुरे" एवढाच होतो. चर्चा खरेच उघडी ठेवायची असेल तर "कॅन वी कम बॅक टु दिस ऑन मंडे?" असे विचारावे, आणि सोमवारी आपण होऊन तो विषय पुन्हा काढावा.